संगमाकाठची जमीन

मुळा-मुठेच्या संगमावर, जेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी नौका वल्हवल्या आणि जेथे आज महाविद्यालय नव्हे, विद्यापीठ उभे आहे, त्या परिसरासह सुमारे ४४ किलोमीटर नदीकाठाच्या नवरचनेचे जे कार्य पुणे महानगरपालिकेने आरंभिले आहे, त्याचा कस सुशोभनावर नव्हे, तर महापुरात नदीला मिळणाऱ्या विस्तारावर लागेल. पंचवीस वर्षांतील पुराची निळी आणि शंभर वर्षांतील पुराची लाल रेषा या केवळ दप्तरी नोंदी नव्हेत, हे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय भोगलेल्या शहरास निराळे सांगावयास नको. सबब पालिकेने विद्यापीठातील स्थापत्यविशारदांकडून पूरपातळीची जाहीर फेरतपासणी करवावी, आणि तोवर पात्रात नवा भराव टाकू नये.