जवळचं रुग्णालय की योग्य रुग्णालय?

“पेशंटला फार उशिरा आणलंत!” पक्षाघाताच्या नातेवाइकांना हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी फार सहज ऐकवतो. एका मुलाने मात्र मला निरुत्तर केलं.

सकाळी 7 वाजता त्याच्या वडिलांच्या हातून चहाचा कप निसटला, तोंड वाकडं झालं. ‘अंगावरून वारं गेलंय, मालिश करू’ असं म्हणत त्याने वेळ घालवला नाही. लगेच 108 ला फोन केला. गाडी आलीही. पण ती गेली जवळच्या रुग्णालयात. तिथे सीटी स्कॅन नव्हतं. सलाईन आणि पुढे नेण्याची चिठ्ठी मिळाली. दुसरीकडे मशीन होतं, ते चालवणारा नव्हता. माझ्याकडे पोहोचले तेव्हा दुपारचा 1 वाजला होता. “डॉक्टर, आमचं काय चुकलं?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक स्कॅनमध्येच कळतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि रक्तस्राव असताना दिलं तर जीवावर बेततं. म्हणजे स्कॅन नसेल तिथे निष्णात डॉक्टरही हतबल. मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. चिठ्ठ्या घेऊन फिरण्यात जातो तो हा वेळ.

महाराष्ट्रात 108 सेवा 2014 पासून आहे. तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्यच. पण गाडी लवकर येणं म्हणजे उपचार लवकर मिळणं नव्हे. श्वास अडत असेल तर जवळचंच रुग्णालय गाठावं. एरवी गाडी थेट तिथेच जावी, जिथे चोवीस तास स्कॅन होतं आणि हे इंजेक्शन मिळतं. वाटेतूनच फोन जावा, म्हणजे स्कॅनची तयारी आधीच होईल.

“छोट्या जिल्ह्यांत एवढ्या सोयी कुठून आणायच्या?” असं विचारलं जातं. पण आहेत त्या सोयींची यादी गाडीत ठेवायला आणि गावोगावी लावायला किती खर्च येतो? जिथे स्कॅन आहे पण मेंदूविकारतज्ज्ञ नाही, तिथले डॉक्टर स्कॅनची चित्रं शहरातल्या तज्ज्ञाला मोबाइलवर दाखवून उपचार सुरू करू शकतात. अडचण पैशांपेक्षा नियोजनाची आहे.

ते होईपर्यंत एक काम तुम्ही आजच करा. आपल्या भागातल्या रुग्णालयांना विचारा: “रात्री स्कॅन होतं का? पक्षाघाताचं इंजेक्शन देता का?” उत्तरं घरात लिहून ठेवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ नोंदवा. स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका.

आणि पुढच्या वेळी मते मागायला कुणी दारात आलं, तर हेच दोन प्रश्न त्यांनाही विचारा.