काही झालं नाही म्हणजे काय?

इथे सिएटलला हिवाळा सुरू झाला की आमची मराठी मंडळी शुक्रवारी दुपारपासूनच कॅस्केड पर्वताचे नकाशे उघडून बसतात. रिसॉर्टच्या आखलेल्या उतारांवर आता कुणाचं भागत नाही, सगळ्यांना पलीकडच्या मोकळ्या डोंगरात स्की करायचं असतं. धोक्याचं काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अरे, मागच्या आठवड्यात तिथेच गेलो होतो, काही झालं नाही!"

माझा आक्षेप आहे तो या वाक्याला.

बर्फ थराथराने साचतो. निरभ्र, थंड रात्री वरच्या बर्फावर नाजूक स्फटिक तयार होतात. पुढच्या वादळात त्यांच्यावर जड थर बसला की झालं... वरची अख्खी लादी एका भुसभुशीत थरावर नुसती टेकलेली! उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर ती एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. आधी दहा जण सुखरूप गेले असले तरी. कारण लादी सगळीकडे सारखी जाड नसते. अकरावा नेमका पातळ जागी जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नव्हे.

१९ फेब्रुवारी २०१२ ला इथल्याच स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीकला १६ जण गेले होते. नवखे नव्हेत, चांगले मुरलेले स्कीअर. हिमस्खलनात तिघे गेले. इयन मॅकॅमन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ७१५ अपघातांचा अभ्यास मांडला. ओळखीची जागा आणि सोबतचा 'जाणता' माणूस, यांच्या भरवशावर लोक डोळ्यांसमोरच्या खुणाही सोडून देतात, हे त्यात दिसतं.

सह्याद्रीत पायाखालची वाट ही मोठी शिदोरी. बर्फात मात्र दर वादळानंतर पायाखालचं सगळं नवं असतं.

बीकन, प्रोब, फावडं हवंच. पण ती अपघातानंतरची सोय, आणि गाडलेला माणूस जिवंत मिळण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. अपघात टळतो तो "आज नको" म्हणणाऱ्यामुळे. त्याला आपण भित्रा म्हणतो!

तेव्हा निघण्याआधी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचा. पाचपैकी तिसरी पातळी दिसली तर 'मधलीच आहे' म्हणून निवांत होऊ नका; त्या पातळीला माणसाच्या वजनाने हिमस्खलन होण्याची शक्यता दाट असते. आणि गटातला कुणी एक जरी नको म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा. डोंगर कुठे जात नाही.