लग्न इथलं, कोर्ट तिथलं

कासुर्डीला मावशीकडे गेलं की गप्पा ठरलेल्या: ऊस, बिबट्या आणि सोलापूर हायवेचं ट्रॅफिक. या वेळी मात्र सगळे एका पाकिटाकडे बघत बसले होते. पाकीट अमेरिकेतल्या कोर्टाचं. मावसबहिणीच्या नवऱ्याने तिकडे घटस्फोटाचा अर्ज टाकलाय! लग्न झालं यवतच्या कार्यालयात, हजारेक पानं उठली होती. काका एकच विचारत होते, "लग्न इथलं, मग तिकडच्या कोर्टाचा काय संबंध?"

मी पुण्यातल्या एका वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते ऑनसाइटची स्वप्नं बघणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

तिकडे 'आमचं पटत नाही' एवढं कारण पुरतं. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमती तरी हवी, नाहीतर छळ, व्यभिचार, सोडून जाणं असं ठोस कारण. १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे हाच पेच होता. लग्न तिरुपतीचं, घटस्फोट मिसुरीचा. कोर्टाने तो मानला नाही. ज्या कायद्याने लग्न लागलं, त्याला मान्य असलेलं कोर्ट हवं आणि कारणही त्यातलंच हवं, हा नियम घालून दिला. पण त्याला अपवाद आहेत. तुम्ही घटस्फोटाला संमती दिलीत, तर तो निकाल इथेही चालू शकतो.

म्हणजे 'फॉर्मॅलिटी आहे, सही कर' असा मेल आला तर आधी हात आवरा. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसणंही परवडत नाही. तिकडे तुमच्याविना निकाल लागू शकतो. मग तो तिकडे मोकळा, तुम्ही इकडे विवाहित! शिवाय इथे मंजूर झालेली पोटगी अमेरिकेत आपोआप वसूल होत नाही.

मूल असेल तर गुंता आणखी वाढतो. एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. त्यात शंभरहून जास्त देश आहेत, भारत नाही. आपली कोर्टं परदेशी आदेश बघतात, पण मुलाचं हित आधी. धनवंती जोशी खटल्यात आई ३५ दिवसांचं बाळ घेऊन अमेरिकेतून परतली. तिथल्या कोर्टाने ताबा बापाला दिला होता. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूल आईकडेच ठेवलं. तोवर बाळाने वयाची बारा वर्षं ओलांडली होती.

वकीलबाईंचा सल्ला: पाकिटावरची तारीख जपा, दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोला आणि त्यांना विचारल्याशिवाय उत्तर पाठवू नका. लग्नाची नोंदणी केली नसेल तर आजच करा.

स्थळ बघताना पॅकेज आणि व्हिसा विचारतोच ना आपण? मग बिनसलं तर कोर्ट कुठलं, हेही विचारून घ्या. अनरोमँटिक वाटेल. वाटू दे!