ऋणमुक्तीची वही

कर्ज काढणे एका दिवसाचे काम. फेडताना उमेद टिकविणे ही वर्षांची कसोटी. दरमहा हप्ता जातो, तरी ओझे हलके झालेले जाणवत नाही आणि मन खचते. याचे कारण व्याजाच्या गणितात आहे. दरमहा ३ टक्के दराने ५०,००० रुपयांवर १,५०० रुपये व्याज होते. २,००० भरले तर मुद्दल अवघे ५०० रुपयांनी घटते. ३,००० भरले तर १,५०० रुपयांनी, म्हणजे तिपटीने! ओव्हरड्राफ्टचे व्याज रोज वापरात असलेल्या रकमेवर चढते; म्हणून हाती आलेला पैसा त्याच दिवशी भरावा.

आम्ही सुचवितो, एक वही घालावी व तीत दरमहा उरलेले मुद्दल लिहावे. महाग व्याजाचे देणे आधी फेडल्यास पैसा वाचतो. लहान देणे आधी मिटविल्यास धीर येतो. ज्याचे मन लवकर खचते, त्याने दुसरा मार्ग खुशाल धरावा.

मात्र ही वही कपाटात दडवू नये. इंदूर-बडोद्याकडील आपल्या समाजात सारेच एकमेकांना ओळखतात. त्या धाकाने लग्नमुंजीचा खर्च वाढतो आणि देणे गृहिणीपासूनही लपविले जाते. वाचकहो, येत्या एक तारखेला ती वही घरच्यांसमोर उघडावी. भार वाटून घेतला, की हप्त्याची तारीख तितकीशी भिववीत नाही.