लॅपटॉप भंगार नाही, वायफायची चिप आडवी येते

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला रामराम केला. वर्षभराची वाढीव सोय दिली, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ घ्या म्हणतात, तर त्याला टीपीएम २.० पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. कुरखेड्यात असे लॅपटॉप किती जणांकडं असतील? भरतीचे फॉर्म भरणारी पोरं, सेवा केंद्र चालवणारे, ग्रामसभेचा तेंदूचा हिशेब ठेवणारे कार्यकर्ते, बहुतेकांच्या हाती सेकंडहँड माल. तो चालतो, बिघडलेला नाही.

शहरातला जाणकार लगेच सांगतो, "लिनक्स टाका भाऊ, फुकट आहे." खरंच आहे ते. पण त्याच्या घरी ब्रॉडबँडची तार असते. आपल्याकडं मोबाईलचा हॉटस्पॉट. लिनक्स टाकलं आणि वायफायच दिसत नाही, तर ड्रायव्हर डाउनलोड करा म्हणतात. कशावर करायचा? विहिरीतून पाणी काढायचं आणि दोरच विहिरीत पडला, अशी गत.

असं का होतं? वायफायच्या चिपला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, दुसरं फर्मवेअर म्हणजे चिपच्या पोटात भरायचा कंपनीचा कोड, आणि तो बहुधा कुलूपबंद असतो. इंटेलची चिप असेल तर सहसा अडत नाही. जुन्या एथेरॉसचंही तसंच. अडवतो तो ब्रॉडकॉम, जुन्या मॅकबुकमध्ये आणि कित्येक डेल-एचपीत बसलेला. रिअलटेकची ८८२१सीई ही चिप स्वस्त लॅपटॉपमध्ये भरपूर आली, पण तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये यायला उशीर झाला. म्हणून तोच लॅपटॉप जुन्या लिनक्सवर मुका बसतो आणि नव्यावर बोलायला लागतो.

डेबियनवाल्यांनी तर बंद फर्मवेअर आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं तत्त्व म्हणून ठेवलंच नाही. २०२२ मध्ये सभासदांचं मतदान झालं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. तत्त्वाचा मला आदर आहे. पण त्याची किंमत ज्याच्या घरी तार नाही तोच मोजत होता.

माझं मत विचाराल तर नवं लिनक्स मिंट घ्या. आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरचं नाव बघून कागदावर लिहून ठेवा. मग मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू करून पाहा, विंडोजला हात न लावता. वायफायची यादी दिसली की पुढं जा. नाही दिसली तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला ती तारेची जोडणी वाटते, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यानं लोक धडधाकट लॅपटॉप कोपऱ्यात टाकतात.

पण हे सगळं एकेकट्यानं कुठवर करायचं? मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकनं डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स कधीचं काढलंय, त्यात मराठीही चालते. केरळच्या सरकारी शाळांत काइट संस्थेचं उबंटूवर आधारलेलं लिनक्स वापरतात. आपल्याकडं जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय यांच्यासाठी संगणक घेताना निविदेत एक ओळ टाकायला काय हरकत आहे, की वायफाय लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चाललं पाहिजे आणि पुरवठादारानं ते चालवून दाखवावं? या ओळीला पैसे लागत नाहीत. आणि जुने संगणक निर्लेखित करण्याआधी कोणीतरी एक पेनड्राइव्ह लावून पाहा ना बाप्पा! पंचायत समितीच्या सभेत सदस्यांनी हे विचारायला पाहिजे.

तोवर आपण आपली यादी करू. ज्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय त्यांनी खाली मॉडेल, वायफाय चिपचं नाव आणि चाललं की नाही, एवढं लिहा. कुरखेडा, कोरची, वडसा, कुठलंही चालेल.