मोहफूल: झाडे विदर्भात, बाटलीवर नाव मध्य प्रदेशाचे

मध्य प्रदेशने 2022 मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मान्यता दिली. त्यानंतर अलीराजपूर आणि दिंडोरी भागात आदिवासी बचत गटांमार्फत तिचे उत्पादन सुरू झाले. तेच झाड रामटेक, देवलापार, गोंदिया, गडचिरोलीत आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक फूल आजही पोत्यात भरून गावच्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि भाव तोच ठरवतो.

महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यावरचे निर्बंध उठवले. इथे गैरसमज नको. मोकळे झाले ते फूल. घरी किंवा रानात दारू गाळणे दारूबंदी कायद्याखाली आजही गुन्हाच आहे, आणि वर्धा व गडचिरोली तर दारूबंदीचे जिल्हे आहेत.

जॉर्जिया या छोट्या देशाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. तिथे काखेती भागात सापेरावी ही देशी द्राक्षजात आहे. तिच्या सालीसोबत गरही लाल असतो. ‘किंदझमराउली’ ही तिथली प्रसिद्ध लाल वाइन याच द्राक्षाची, पण ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. 2006 मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनची आयात बंद केली. मुख्य गिऱ्हाईकच गेले. तेव्हा त्यांना दर्जा सुधारून दुसरे देश शोधावे लागले. 2013 मध्ये रशियाचा बाजार पुन्हा उघडला, तोवर त्यांच्याकडे इतरही खरेदीदार होते. आपल्या मोहफुलाची अवस्था आज 2006 च्या जॉर्जियासारखी, एकाच गिऱ्हाइकावर टेकलेली आहे.

फरकही मोठा आहे. द्राक्षबागेचा सातबारा असतो, मोह मात्र बराचसा जंगलात. वनहक्क कायदा, 2006 नुसार गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. त्यामुळे झाडांची नोंद आणि एकत्र विक्री ग्रामसभेनेच करावी, हे बरे. भौगोलिक मानांकनाचा अर्जही उत्पादकांच्या संघटनेला किंवा संस्थेलाच करता येतो, एकट्या शेतकऱ्याला नाही. गोव्याच्या काजू फेणीला ते 2009 मध्ये मिळाले.

खरी अडचण दर्जाची आहे. फूल वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यातून वणवा लागतो, रोपे जळतात आणि फुलात राख-माती येते. असे फूल खाद्यपदार्थासाठी कोणी चांगल्या भावाने घेत नाही. झाडाखाली जमिनीपासून वर जाळी बांधली, तर पहाटे गळणारे फूल स्वच्छ मिळते आणि वाकून वेचण्याचे कष्टही वाचतात. ते अंगणात न पसरता ताडपत्रीवर किंवा मचाणावर वाळवावे. पावसाळ्याआधी ओल न लागणाऱ्या डब्यांत बंद करावे, नाहीतर ते काळे पडते. जाळीचा पहिला खर्च एकट्या कुटुंबाला जड जातो. कृषी सहायकांनी त्यासाठी बचत गट पुढे आणावेत.

लाडू, सरबत, जॅम यांना दारूचा परवाना लागत नाही. अन्न परवाना किंवा नोंदणी मात्र लागते. फुले फेब्रुवारीअखेर गळायला लागतात, म्हणून जाळीची जुळवाजुळव जानेवारीतच झालेली बरी.