बाईंनाच इंग्रजीची धास्ती

आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत बॉयलरवर असतात. स्टीम, प्रेशर, व्हॉल्व्ह हे शब्द त्यांच्या तोंडी भाजी-भाकरीसारखे. सातवीतली लेक मात्र सेमी इंग्रजीच्या सायन्सला रडते. तणतणत शाळेत गेले, तर बाईच हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘ताई, माझं सगळं शिक्षण मराठीतून. पोरांनी काही विचारलं आणि इंग्रजी चुकलं तर? म्हणून वाचून दाखवते, उत्तरं लिहून देते.’’ माझा राग विरला.

पण मैत्रिणींनो, प्रश्नच विचारायचा नाही, तर गोडी लागणार कशी? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, विज्ञान-गणिताची पुस्तकं दोन्ही भाषांत करा, असं म्हटलंय. (आपल्या सोलापुरात घरची भाषा तेलुगू, कन्नडही असते, ते वेगळंच!) डॉक्टरकीची ‘नीट’ही मराठीतून देता येते. तरी आपण सेमीचाच हट्ट धरतो, मीही धरला.

‘इव्हॅपोरेशन’ तिला कळेना. ‘बाष्पीभवन’ तरी कुठं घरातला शब्द? दोरीवरचं धुणं दाखवलं. लगेच म्हणाली, ‘‘मग पावसाळ्यात का वाळत नाही?’’

मला सांगता येईना. म्हटलं, ‘‘उद्या बाईंना विचार. मराठीतच विचार.’’